वीस रुपयांची बाटली

आमच्या घरात मार पडायचा तो वासावरून. दुसऱ्या घरांतली पोरं अभ्यासावरून नाहीतर खोटं बोलण्यावरून मार खायची. मी, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या आईने, लसणाच्या फोडणीवरून मार खाल्ला, सुकटीवरून खाल्ला, नीट न वाळलेल्या गोधडीवरून खाल्ला. जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या एका बोळात आमचं सेंटचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मधे फळ्यांची भिंत. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की आतला वास फळ्यांतून बाहेर जातो, आणि गिऱ्हाईक बाटली नाकाला लावतं तेव्हा मोगऱ्याच्या आधी त्याला कांदा लागतो. त्यामुळे आप्पा घरी असले की आमच्याकडे फोडणीशिवायची आमटी, भात आणि भाकरी. ते आण्याच्या, ओतूरच्या किंवा घोडेगावच्या बाजाराला पेटी घेऊन गेले की आई दार लावून तव्यावर सुकट भाजायची, त्यावर कच्चा कांदा आणि तिखट टाकायची, आणि आम्ही दोघी बाजरीच्या भाकरीबरोबर ती अशी खायचो की बोलायचंसुद्धा विसरायचो. मग दारं उघडून सूप घेऊन वारा घालायचा. एकदा एसटी चुकली म्हणून आप्पा दुपारीच परत आले. त्यांनी तापलेला तवा लाथेने उडवला, तो आईच्या पोटरीला लागला, आणि ती कळवळून खाली बसली तरी त्यांचा हात थांबला नाही. मला आजही तो तवा फरशीवर गोल फिरत राहिल्याचा आवाज ऐकू येतो. तो बराच वेळ फिरत होता.

हे सगळं कुठून आलं ते मला फार उशिरा कळलं. आमचं मूळ घर आण्याच्या पठारावर. आजोबांची मेंढरं होती. आप्पा लहानपणी शाळेत जायचे तेव्हा मास्तरांनी त्यांना दाराजवळ बसवलं, कारण बाकीची पोरं नाक दाबायची. पोरं ‘बॅऽऽ’ करून ओरडायची, आणि हा पोरगा घरी येऊन ओढ्यात अंग घासून घासून रक्त काढायचा. शाळा सुटली, मेंढरंही सुटली, आणि ते मुंबईला एका अत्तरवाल्याकडे कामाला लागले. तिथून कला घेऊन जुन्नरला आले. आजोबा कधी आम्हाला भेटायला आले की त्यांची घोंगडी आप्पा बाहेर ओट्यावर ठेवायला लावत. आजोबा घोंगडीची घडी घालून, तिच्यावर काठी आडवी ठेवून आत येत, आणि जाताना आधी तिला खांद्यावर घेऊन मगच माझ्या डोक्यावर हात ठेवत.

आप्पांकडे कला होती असं मी म्हटलं खरं, पण नाक होतं ते आईचं. ती आहुप्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवरची. तिथल्या देवराईत ती वाढलेली. डोळे मिटून पान चुरगळलं तरी झाड सांगायची. हिरडा कालचा वाळत घातलाय की परवाचा, हे ती अंगणात पाय ठेवायच्या आत ओळखायची. आप्पा मुंबईहून ‘कंपाउंड’ आणायचे, म्हणजे तेलासारखं घट्ट सुगंधी द्रव्य, डोकं धरेल इतकं उग्र. ते कशात किती मिसळायचं, स्पिरिट किती घालायचं, बाटली किती दिवस अंधारात ठेवायची, हे आई ठरवायची. सुई काढलेल्या सिरींजने ती थेंब मोजायची. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही. आप्पासुद्धा बोलत नसत. दिवसभरात तेवढाच काळ असा असायचा की आई त्या घराची मालकीण वाटायची.

त्या वर्षांत घराघरांत टीव्ही आले होते, हिंदी जाहिरातींतून कोट घातलेले देखणे पुरुष गळ्यावर सेंट उडवायचे, आणि दुकानात येणारी पोरं अत्तर मागायची सोडून ‘तसला’ सेंट मागायला लागली. कुणाचा मामा आखाती देशातून आला की बाटली यायची आणि ती बाटली आमच्याकडे हुंगायला यायची. ‘काकू, आस्साच पायजे.’ आई एका कापडावर दोन थेंब घ्यायची. सकाळी हुंगायची, जेवणानंतर हुंगायची, दिवेलागणीला पुन्हा हुंगायची. आठवडाभरात तिची वीस रुपयांची बाटली तयार व्हायची आणि पोरगं ती मनगटाला लावून खुळं होऊन जायचं.

मी एकदा तिला विचारलं होतं, “आई, खरंच सारखाच असतो का गं?”

“पयली घटकाभर दोघं जुळं भाऊ,” ती म्हणाली. “मंग महागाचा चालत ऱ्हातो. दुपारी येगळा, सांजच्याला येगळा. आपला एकाच जाग्यावर बसून ऱ्हातो अन् झोपून जातो. पण पोरं लावत्यात लग्नापुरता, अन् लगीन असतं किती येळ? घटकाभराचंच की.”

परवा माझ्या मुलीने पुण्याहून फोनवर हेच विचारलं. ऑनलाइन कुठल्यातरी महाग सेंटची स्वस्तातली जोडी मिळते, घेऊ का, म्हणून. मी तिला आईचं वाक्य सांगितलं. ती हसली. तिला हे माहीत नाही की या एका प्रश्नावरून मी माणूस जळताना पाहिला आहे. हे प्रकरण तिच्यासाठीच लिहितेय म्हटलं तरी चालेल.

जालिंदर हा आमच्या भागातला मोठा बागायतदार. द्राक्षं, टोमॅटो, दारात दोन ट्रॅक्टर आणि एक जीप. वयाने तिशीचा, बोलायला गोड, आणि गोड बोलता बोलता समोरच्याच्या कानाखाली वाजवणारा. बाजार समितीत त्याने एका हमालाचे दात पाडलेले लोकांनी पाहिले होते आणि ते लोक दुसऱ्या दिवशी त्याला रामराम घालत होते. त्याच्या मेव्हण्याने त्याला परदेशातून एक सेंट आणून दिला होता. काळी, चौकोनी, जड बाटली. त्याने ती आम्हाला दाखवायला आणली ती बनवून घ्यायला नाही, नुसती दाखवायला. आईने झाकणाचाच वास घेतला. तो गेल्यावर ती सिरींज घेऊन बसली. का, ते मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिला तो सेंट मनापासून आवडला होता.

पुढे त्याच्या बहिणीचं लग्न निघालं, मुलाकडच्या गावी, आंबेगाव तालुक्यात. पाव्हण्यांना अत्तर लावायला आप्पांना सांगावा आला. पुरुषांना आप्पा लावणार, बायकांना मी. मी तेव्हा अकरावीत होते. आईने काठाची साडी नेसवली आणि पेटीत इतर अत्तरांबरोबर त्या नव्या सेंटची मोठी बाटली भरून दिली, मांडवात शिंपडायला.

दुपारचा मुहूर्त होता. ऊन मरणाचं. मांडवात बँड वाजत होता आणि मागे आचाऱ्यांच्या भट्ट्यांवर बुंदी पडत होती. अक्षता पडल्या, आणि आप्पा पाव्हण्यांच्या रांगेत पिचकारीने सेंट उडवायला लागले तसे मुलाकडचे लोक माना वळवून बघायला लागले. नवऱ्या मुलाचे चुलते, रिटायर झालेले एक गुरुजी, ज्यांना जालिंदरने सकाळीच आपली बाटली हुंगवली होती, म्हणाले, “वा! जालिंदरराव, तुमचा परदेशी सेंट सगळ्या मांडवाला वाटला का काय?”

जालिंदरचा चेहरा बदलला. तो हसत होता, पण हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे निघून गेले. “माझा न्हाई गुरुजी,” तो म्हणाला. “ह्यो मेंढरंवाल्याचा. गटाराचं पानी हाय. माझ्या बाटलीची सर याला येतीय व्हय?”

तिथे आप्पांनी गप्प बसायला हवं होतं. इतकी वर्षं झाली तरी मला तसंच वाटतं, आणि असं वाटल्याची लाजही वाटते. त्यांनी पिचकारी खाली ठेवली. “भाऊ, तुमी मोठी मान्सं. पण नाकाला सातबारा लागत न्हाई. तुमची बाटली आना, तुमीच हुंगून सांगा.”

पोरांनी गलका केला. लग्नाच्या मांडवात पोरांना आणखी काय पाहिजे? आहेरातले दोन कोरे रुमाल आले. जालिंदरने खिशातून काळी बाटली काढली. गुरुजींनी त्याला पाठ करून उभं केलं, एका रुमालावर त्याचा सेंट उडवला, दुसऱ्यावर आमचा, आणि आमच्या रुमालाच्या टोकाला बारीक गाठ मारली. ती आम्ही सगळ्यांनी पाहिली. जालिंदर वळला. त्याने एक रुमाल हुंगला, दुसरा हुंगला, पुन्हा पहिला. मग गाठीचा रुमाल उंच धरून ओरडला, “ह्यो माझा! आरं, अस्सल माल लपतो व्हय? दुसरा ह्याचा, मुताचा वास येतोय.”

 मग गुरुजींनी गाठ दाखवली आणि सगळा मांडव हसला. नवरा मुलगा हसला. मुलाकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. मला वाटतं, मी सगळ्यांत जोरात हसले.

पहिला ठोसा आप्पांच्या नाकावर बसला. मी तो आवाज ऐकला. कैरी दगडावर फोडावी तसा. पांढऱ्या सदऱ्यावर रक्त उतरलं. आप्पांनी दोन्ही हात वर केले, मारायला नाही, जोडायला. “चुकलं भाऊ, चुकलं माझं.” मी त्या हातांकडे बघत राहिले. आमटीत मीठ जास्त झालं तर विजेसारखा उठणारा तो हात तिथे नमस्कार करत होता. जालिंदरच्या चुलतभावाने कमरेचा पट्टा काढला आणि बक्कल असलेलं टोक बाहेर ठेवून मारायला सुरुवात केली. पट्टा पाठीवर, मानेवर, कानावर पडत होता. त्यांनी आमची पेटी पालथी केली, बाटल्या पायांखाली फुटल्या, आणि मोगरा, खस, हिना, केवडा असे सगळे वास एकदम उठून घशात बसले. मी आप्पांना धरायला गेले तर कुणीतरी वेणी धरून मला मागे फेकलं. बँड वाजतच होता. थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नाही.

आप्पांना ओढत त्यांनी मांडवामागे आचाऱ्यांच्या भट्टीपाशी नेलं. जालिंदरच्या हातात आमची मोठी बाटली होती. त्याने ती आप्पांच्या डोक्यावर, खांद्यावर, हातावर रिकामी केली. “घे, आंघोळ कर. सात पिढ्यांचा मेंढराचा वास जाईल.” आणि छातीवर लाथ घातली. आप्पा मागे गेले, तोल सावरायला त्यांनी उजवा हात टेकला तो भट्टीच्या तोंडाशी.

भर दुपारच्या उन्हात स्पिरिटची आग दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. काही पेटलंय असं दिसलंच नाही. सदऱ्याची बाही आपोआप काळी होत आक्रसत गेली, कानामागचे केस वळले, आणि मग आप्पा ओरडले. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा ऐकलेला नाही. आचारी पळाले. जालिंदर दोन पावलं मागे सरकला. जवळ मठ्ठ्याचं भलं मोठं पातेलं होतं. ते मला एरवी हललंही नसतं. मी ते उचललं की ओढून कलंडवलं ते आठवत नाही. आप्पा जमिनीवर लोळत होते आणि त्यांच्यावर कोथिंबीर घातलेला पांढरा मठ्ठा वाहत होता. मी त्यांच्या हातावर साडीचा पदर दाबला. कातडी पदराला चिकटून आली.

गुरुजींनी भाजीचा एक टेम्पो थांबवून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले, तोवर जालिंदरचा एक माणूस येऊन आप्पांच्या उशाशी सफरचंदं ठेवून गेला होता. आप्पांनी जबाबात सांगितलं, “माझ्याच हातनं बाटली फुटली. भट्टी जवळ व्हती. कुनाचा दोष न्हाई.” जमादार लिहायला लागले. आई कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “शोभा, तू काय बगितलं त्ये सांग.”

मी सांगितलं. पहिल्या ठोशापासून भट्टीपर्यंत. आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

केस झाली. जालिंदरला नेलं आणि चौथ्या दिवशी तो सुटून आला. मग दुकानाच्या फळ्यांवर दगड पडायला लागले, भरदिवसा, बोळातली माणसं बघत असताना. एका दगडाने आईच्या भुवईवर खोक पडली. गिऱ्हाईक यायचं बंद झालं. आप्पा घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होता, आणि दोन महिने ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. एका सकाळी पुन्हा एक दगड आला, दुकानातल्या शिसवी कपाटाची काच फुटली, आणि ते उठून माझ्यासमोर उभे राहिले.

“तुझ्या जिभंमुळं झालं ह्ये,” म्हणाले, आणि डावा हात उचलला.

आईने तो मनगटात धरला. मारणारा हात तिने धरलेला मी कधीच पाहिला नव्हता. तिची बोटं सिरींज धरून घट्ट झालेली. तिने तो हात खाली केला नाही, हवेतच ठेवला, आणि अगदी हळू विचारलं, “मांडवात ह्यो हात कुटं व्हता?”

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग काचांतच खाली बसले. मला वाटलं ते पुन्हा उठतील; त्या घरात माणूस पुन्हा उठायचाच. पण ते बसून राहिले, आणि थोड्या वेळाने आई झाडू घेऊन त्यांच्या भोवतीच्या काचा गोळा करायला लागली.

केस घोडेगावच्या कोर्टात उभी राहायला काही वर्षं गेली. तोवर मी बी.ए. झाले होते. मांडवात तीनेकशे माणसं होती. कोर्टात एकालाही काही आठवत नव्हतं. कुणी जेवायला बसलं होतं, कुणी बाहेर गेलं होतं. गुरुजी तेवढे काठी टेकत आले आणि पाहिलं ते सांगून गेले. मग मला बोलावलं. जालिंदरचा वकील शांत माणूस होता.

“तुमच्या दुकानात परदेशी सेंटची नक्कल विकतात, खरं का?”

“हो.”

“म्हणजे माल नकली.” तो कोर्टाकडे बघून हसला. “मग नकली माल विकणाऱ्यांची साक्ष तेवढी अस्सल कशी धरायची?”

बाकांवरची माणसं हसली.  पण आईने बाटल्यांवर चिकटवायला लावलेल्या चिठ्ठ्या मी पाचवीपासून स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, त्यामुळे उत्तर मला शोधावं लागलं नाही. “साहेब, वास त्याच्यासारखा असतो. पण बाटलीवर चिठ्ठी आमच्या दुकानाची असते आणि किंमत वीस रुपये लिहिलेली असते. आम्ही कुणालाही तो परदेशी म्हणून दिलेला नाही. ज्याने परदेशी म्हणून ओळखला, त्यानेच माझ्या वडिलांना जाळलं.”

या वेळी कुणी हसलं नाही.

माझ्यानंतर आप्पांना आत बोलावलं. आम्ही दारात समोरासमोर आलो, पण त्यांनी मान वर केली नाही. मी दाराशीच थांबून ऐकू लागले. ते काय सांगणार ते मला माहीत नव्हतं, आईलाही नव्हतं. दवाखान्यातला जबाब त्यांना वाचून दाखवला गेला. हा तुमचाच ना, असं विचारलं. आप्पांनी डाव्या हाताने उजव्या बाहीची बटणं सोडली. त्यांना वेळ लागला. बाही खांद्यापर्यंत वर सरकवून त्यांनी तो दोरखंडासारखा पिळवटलेला हात न्यायाधीशांपुढे धरला. “जबाब माझाच हाय. पण खोटा हाय. मी भ्यालो व्हतो. पोरगी सांगती ते खरं.” आणि मग त्यांनी जालिंदरकडे बोट केलं. त्या हाताची बोटं सरळ होत नसत. तरी ते बोट कुणाकडे आहे हे सगळ्यांना कळलं.

निकाल पुढे लागला. शिक्षा झाली, वर अपील झालं, जालिंदर शेवटी किती दिवस आत राहिला ते मी मोजलं नाही. मला आठवतो तो साक्षीचा दिवस, आणि त्या दुपारचा घोडेगावचा एसटी स्टँड. आई पाणी आणायला गेली होती. आप्पा आणि मी बाकावर बसलो होतो. समोर कंडक्टर नारायणगाव, नारायणगाव म्हणून ओरडत होता. 

“शोभे,” ते म्हणाले, “तुला मार लई आठवतो का गं?”

मला वाटलं ते मांडवाबद्दल विचारतायत. मी म्हटलं, “आत्ताच तर सगळा सांगितला, आप्पा.”

“त्यो न्हाई,” ते म्हणाले. “माझा.”

नाही म्हणणं सोपं होतं. बायामाणसं असंच म्हणतात, आणि म्हातारा होत चाललेला, भाजलेला बाप शेजारी बसलेला असताना तसं म्हणावं, असं मला शिकवलंही होतं. पण त्या दिवशी मी खरं बोलायची शपथ घेऊन आले होते आणि ती अजून अंगावरून उतरली नव्हती.

“आठवतो,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जुन्नरची गाडी लागली. आई पाण्याची बाटली घेऊन गर्दीतून येत होती, आणि आप्पा उठले, दारातल्या माणसांना कोपराने बाजूला सारत आधी चढले, आणि आम्हा दोघींसाठी जागा धरून स्वतः जुन्नरपर्यंत उभे राहिले.